शेजारणीकडे सूत कातायला

जुलेखा बुरोंडकर हे नाव पहिल्यांदा ऐकणाऱ्या माणसाची पंचाईत होते. जुलेखा ऐकून तो हिंदीत बोलायची तयारी करतो आणि बुरोंडकर ऐकून थबकतो. मग बाई त्याला ज्या मराठीत उत्तर देतात ते ऐकून तो स्वतःचंच मराठी तपासायला लागतो. लालबाग-परळात हा खेळ वर्षानुवर्षं चालू आहे आणि बाईंना अजून त्याचा कंटाळा आलेला नाही. दापोलीकडचं बुरोंडी हे त्यांच्या सासरचं गाव. तिथे बुरोंडकर हिंदूही आहेत आणि मुसलमानही, आणि दोघांच्याही कालवणात नारळ सारखाच पडतो.

बाई परळच्या एका रात्रशाळेत दहावीला बीजगणित शिकवतात. दिवसा त्या इमारतीत लहान मुलांची शाळा भरते. संध्याकाळी त्याच बाकांवर, ज्यांचे गुडघे बाकात मावत नाहीत असे विद्यार्थी येऊन बसतात. कुरिअरवाले, हॉटेलात कांदे चिरणारे, साड्यांच्या दुकानात दिवसभर पदर उलगडून दाखवणाऱ्या मुली, आणि पन्नाशीत 'राहून गेलं होतं' म्हणून आलेला एखादा वॉचमन. अशा माणसांना 'समजा, क्ष ही एक संख्या आहे' हे सांगणं सोपं नसतं. 'समजा' म्हटलं की त्यांचा संशय जागा होतो. आयुष्यात जो जो त्यांना 'समजा' म्हणाला त्याने त्यांना फसवलेलंच असतं.

बाईंचं एक वाक्य मात्र आजवरच्या सगळ्या बॅचेसना पाठ आहे. "उत्तर चुकलं तरी चालेल, रीत दाखवा." बोर्डात पायऱ्यांना गुण असतात हे एक कारण झालं. खरं कारण असं की नुसत्या बरोबर उत्तराचा बाईंना राग येतो. "बरोबर उत्तर शेजाऱ्याच्या पेपरातही असतं," त्या म्हणतात.

या वाक्याखालून गेलेल्यांत परळच्या मशिदीचे मौलाना उमर खतीबही होते. मदरशात शिकून आलिम झाल्यावर, दाढी चांगली भरल्यानंतर, ते दहावीला बसले. दिवसा मुलांना कुराण शिकवायचे आणि संध्याकाळी बाईंसमोर वर्गसमीकरणाशी झगडायचे. पास झाले, पुढे पदवीही घेतली. मौलाना आजही दोघांना घाबरून असतात. एक अल्लाह, आणि दुसरं कोण ते त्यांनी मशिदीत कधी जाहीर केलेलं नाही.

गेल्या वर्षी या मौलानांनी मशिदीशेजारच्या खोलीत बायकांसाठी रविवारचा वर्ग सुरू केला. विषय होता शरियतची उद्दिष्टं. नियम कोणता हे सगळे सांगतात, नियम कशासाठी हे कुणी सांगत नाही, तेव्हा ते सांगावं असा त्यांचा विचार. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर पाच शब्द लिहिले. दीन, जान, अक्ल, नस्ल, माल. धर्म, जीव, बुद्धी, वंश आणि मालमत्ता. जुन्या विद्वानांनी सगळा कायदा पिळून हे पाच थेंब काढलेत, ते म्हणाले. कुठलाही हुकूम घ्या, तो यातल्या कशाची तरी राखण करतो.

"अक्लेची राखण कोणता हुकूम करतो?" मागच्या रांगेतून बाईंनी विचारलं.

"दारूबंदी, बाई. दारूने अक्ल जाते."

"जाते हे खरं. पण दारू न पिण्याने येते का?"

मौलानांनी खडू खाली ठेवला.

"माझ्या वर्गातले बरेचसे दारूच्या वाटेला जात नाहीत," बाई म्हणाल्या. "किताबाप्रमाणे त्यांची अक्ल राखली गेली. सहामाहीचे गुण दाखवू?"

बायका पदराआड हसल्या. बाई मात्र हसत नव्हत्या. "राखण म्हणजे काय, मौलाना? दारात चौकीदार नेमला म्हणजे आत शेती झाली असं नाही. ही पाच नुसती राखायची आहेत की वाढवायची पण आहेत?"

"आजचे काही विद्वान हेच म्हणतात," मौलाना म्हणाले. "राखण्याऐवजी वाढवणं म्हणा. कुणी सहावी गोष्ट म्हणून इज्जत जोडतात, कुणी इन्साफ."

"मग फळ्यावर पाचच का?"

"फळा लहान आहे, बाई."

"तो आमच्या शाळेतूनच आलाय. लहान नाही तो."

शेवटी मौलाना जे बोलले ते मात्र बाईंना पटलं. ते म्हणाले, "मला भीती एकच आहे. उद्देश शोधायला लागलं की ज्याला त्याला आपल्या सोयीचा उद्देश सापडतो. नियम कडक असतो, पण निदान सगळ्यांना सारखा छळतो."

घरी आल्यावर बाईंनी हे नवऱ्याला सांगितलं. लतीफ बुरोंडकर गोदीत क्रेन चालवायचे, आता निवृत्त होऊन बायकोची शाळा सुटायची वाट बघत चहा करायचे. "पोरगा विचार करतो," बाई म्हणाल्या.

"तुझ्या हाताखालून गेलाय. न करून सांगतो कुणाला," लतीफ म्हणाले आणि कपात चहा ओतला.

डिसेंबरात एका सकाळी लतीफ वर्तमानपत्र वाचता वाचता गेले. पत्र हातातच होतं.

नवरा गेला की बायकोने इद्दत पाळायची. चार महिने दहा दिवस नवऱ्याच्या घरात राहायचं, नटायचं नाही, दुसऱ्या लग्नाची बोलणी नाहीत, आणि कारणाशिवाय बाहेर पडायचं नाही. बाई बसल्या, आणि मनापासून बसल्या. कुणी त्यांना धीराची म्हणून उठवून उभं केलं नाही, 'आता सावरायला हवं' असं म्हटलं नाही, हे त्यांना बरं वाटलं. मुलगा दोह्याहून येऊन परत गेला. नंतर त्या खिडकीशी बसून लतीफच्या कपाकडे बघत राहायच्या, आणि तसं बघत बसणं हेच त्यांचं काम आहे असं सगळे धरून चालायचे. माणसाला शोकासाठी इतकी हक्काची सुट्टी दुसरं कोण देतं, असं त्यांच्या मनात येई.

अडचण इद्दतीची नव्हती. अडचण मालनची होती.

तुंगेकर चाळीत बुरोंडकरांचं घर दुसऱ्या मजल्यावर, मालन आणि लवू राणे यांचं त्याला लागून. लवू गिरणी बंद पडल्यापासून नाना कामं करून आता चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचा सेक्रेटरी होता. मालन कशाचीच सेक्रेटरी नव्हती, त्यामुळे चाळ ती चालवायची. लतीफना मातीला नेल्यावर तिने मुंब्र्याहून आलेल्या बाईंच्या नणंदेला, सफियाला, बाजूला घेऊन इद्दतीचे नियम विचारले. सफियाने भरभरून सांगितले. त्यातले काही शरियतचे होते, काही मुंब्र्याचे, आणि बरेचसे सफियाच्या सासूचे. मालनने सगळे पाठ केले आणि दुसऱ्या दिवसापासून ते सफियाच्या सासूपेक्षा कडक पाळायला लावले.

चाळीत बाईंना सगळे भाभी म्हणत. मालनने भाभीच्या आरशावर चादर टाकली. दाराला दुहेरी पडदा लावला. गॅसवाल्याला गेटातून परत पाठवलं आणि लवूला सिलिंडर वर आणायला सांगितलं. तो अर्ध्या जिन्यावर पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की लवूही पुरुषच. सिलिंडर तिथेच ठेवून लवू खाली गेला आणि उरलेला जिना मालनने तो स्वतः ओढला. संडास गॅलरीच्या टोकाला. भाभी निघाली की मालन पुढे होऊन टाळ्या वाजवायची आणि गॅलरीतले सगळे बाप्ये भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. लवू तर भिंतीशीच बोलायचा, "भाभी, जपून जावा हां, लादी वली आसा."

बाईंनी एकदा तिला समजावून पाहिलं. "मालन, एवढं नसतं गं आमच्यात."

"असूंदे," मालन म्हणाली. आणि मग जरा थांबून, "आमच्या आयेक मुदत नव्हती. बाबा गेल्यार ती जी बसली ती बसलीच. तुमच्यात तारीख तरी आसा. तारीख आसा तर ती नीट पाळूया."

आरशावरची चादर बाईंनी तशीच राहू दिली.

जानेवारीत, संक्रांत होऊन गेल्यावर, श्रेया भेटायला आली. श्रेया दादरच्या साड्यांच्या दुकानात होती, लग्न झालेली, आणि गणितात दोनदा नापास झालेली. बाईमाणूस असल्याने मालनने तिला वर सोडलं, तरी पिशवी बघितलीच.

"गणिताला कोण येतं?" बाईंनी विचारलं.

"चित्रकलेचे सर."

"काय शिकवतात?"

"ग्राफ छान काढतात," श्रेया म्हणाली. "बाकी वर्गाचं म्हणाल तर निम्मे येतच नाहीत. पूर्वपरीक्षेत आठ-नऊ जणच पास. मी यंदा फॉर्म भरलाय, पण बसत नाही. तिसऱ्यांदा नापास झाले तर घरचे म्हणतील पुरे झालं. त्यापेक्षा आजारी पडलेलं बरं."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी कोण पाठवतंय." श्रेयाने तिळगुळाची डबी पुढे केली. "तुम्ही येऊ नका, बाई. तुमचं चाललंय ते सोडून. मी फक्त भेटायला आले."

बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीच्या शेवटी. बाईंची इद्दत संपत होती एप्रिलात. हा हिशेब करायला बीजगणित लागत नाही.

बाईंनी मौलानांना फोन लावला. दिवसा अडचण नाही, ते लगेच म्हणाले, गरजेसाठी विधवेला दिवसा बाहेर जाता येतं, हे जुन्या किताबांतच आहे. पण शाळा रात्रीची. रात्र घरी काढावी असा हुकूम. आणि गरज म्हणजे तिची स्वतःची, पोटापाण्याची. "तुम्हाला लतीफभाईंची पेन्शन आहे, बाई, रजाही आहे. मला बघावं लागेल. हे फोनवरचं बोलणं नाही, मी येतो."

रविवारी सकाळी मौलाना काखेत दोन जाडजूड किताबं घेऊन तुंगेकर चाळीच्या गेटात शिरले. मालन चौकात गहू निवडत बसली होती.

"खय?"

"बुरोंडकर बाईंना भेटायचंय. मी मशिदीतून आलोय."

"भाभी बसली हा. बाप्यांका वर सोडूचा नाय."

"माहीत आहे मला, ताई. त्याबद्दलच आलोय. मी मौलाना आहे."

"मौलाना असात. पण बापयोच मां?"

याला कुठल्याच किताबात उत्तर नव्हतं. मौलाना म्हणाले, "मी घरात जात नाही. गॅलरीत दाराबाहेर उभा राहतो."

"गॅलरी घरातच येता," मालन म्हणाली. "संडास खय आसा? गॅलरीच्या टोकाक. भाभी थय जाता मां? गॅलरी घराभायर धरली तर तिची इद्दत रोज मोडता. म्हणान मी ठरवलंय. गॅलरी घर, जिनो घर, हो चौक घर. गेटापासून वर सगळा भाभीचाच घर. तुम्ही आता तिच्या घरात उभे आसात. भायर व्हा."

मौलाना मुकाट्याने गेटाबाहेर फुटपाथवर जाऊन उभे राहिले. ज्या माणसाला इद्दत सैल करायला बोलावलं होतं त्याला इद्दतीच्याच कलमाखाली हाकलल्याचं दुसरं उदाहरण निदान परळात तरी नसावं.

बाई कठड्याशी आल्या. "मालन, त्यांना मी बोलावलंय."

"बोलावलास तर बोल. हयसून."

म्हणून मग दुसऱ्या मजल्यावरून फुटपाथपर्यंत, मधल्या चौकातून, हे बोलणं झालं. चाळीत रविवारी सकाळी कुणी घरात बसत नाही. गॅलऱ्या भरल्या. पुरुष नियमाप्रमाणे भिंतीकडे तोंड करून उभे होते, पण कान कुणी वळवले नाहीत.

"बाई," मौलाना खालून म्हणाले, "या ताईंनी माझं काम सोपं केलं. चाळ हेच तुमचं घर म्हणता येईल. संडास बाहेर असलेल्या घराला दुसरा अर्थच नाही. मग खाली मंडळाची खोली आहे, वर्ग तिथे भरवा. तुम्ही घराबाहेर पडलातच नाही. कुणी बोट दाखवणार नाही."

"किल्ली माझ्याकडे आसा," लवू भिंतीला म्हणाला.

बाईंनी विचार केला. उत्तर बरोबर होतं, आणि तेच त्यांना खुपत होतं.

"उत्तर बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "रीत कुठाय?"

मौलानांनी किताब एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं. हा प्रश्न त्यांच्या ओळखीचा होता.

"उद्या समोरच्या टॉवरमधल्या बाईवर ही वेळ आली तर?" बाई म्हणाल्या. "तिचा संडास घरातच आहे. तिला काय सांगणार, आधी तो बाहेर काढ?"

चाळीत खसखस पिकली. मौलानाही हसले, पण मग त्यांनी किताब उघडलं. "एक जागा सापडली. जुन्या आलिमांनी लिहिलंय की विधवेने रात्री शेजारणीकडे सूत कातायला, चार शब्द बोलायला जायला हरकत नाही. झोपायला मात्र आपल्या घरी यावं."

सूत हा शब्द ऐकून गॅलऱ्यांतल्या बायका कठड्याशी सरकल्या. या चाळीतली निम्मी माणसं सुतावर जगलेली. मालनची आई गिरणीत सूत गुंडाळायची, लवूचं तर अर्धं आयुष्य त्यात गेलं होतं.

"सूत?" लवू हळूच म्हणाला. "आता खय कातूचा? आमचा गिरणीतला खाता होता थय मॉल झालो."

"ऐकलंत?" बाई म्हणाल्या. "सूत नाही उरलं. म्हणजे तुमची सवलत पण गेली का? लिहिणाऱ्याने सूतच का लिहिलं असेल, मौलाना?"

"कारण तेव्हा बायका रात्री सूत कातत. हाताला काम आणि जिवाला सोबत."

"मग परवानगी कामाला आणि सोबतीला आहे. सूत हे नुसतं उदाहरण झालं. सूत काढा आणि तिथे क्ष लिहा."

"तीच तर भीती आहे, बाई." पानात बोट ठेवून मौलाना म्हणाले. "क्षच्या जागी काहीही लिहिता येतं. आज तुम्ही शाळा लिहिली. उद्या कुणी हॉटेल लिहील, परवा कुणी सहल. आणि प्रत्येक जण मला सांगेल, बाईंना दिलंत, मला का नाही."

"क्षची किंमत वाटेल ती नसते. समीकरणात बसावी लागते. लिहून घ्या. मी गेले नाही तर दुसऱ्याचं नुकसान होत असलं पाहिजे, आणि ते असं की नंतर भरून निघणार नाही. झोपायला घरी. आणि शेवटचं. जे मागतेय ते माझ्या सोयीचं असेल तर दोनदा तपासायचं."

"हे तुमच्या सोयीचं नाही?"

बाईंनी कठडा धरला. त्या वर्गात बोलतात तशाच बोलत होत्या, फक्त थोड्या सावकाश.

"मला पेन्शन आहे, रजा आहे, तुम्हीच म्हणालात. लतीफ गेल्यापासून मला त्या रस्त्याने चालायची हिंमत नाही. रोज शाळा सुटली की ते नाक्यावर उभे असायचे. मला घरातच बसायचंय, मौलाना. एप्रिलपर्यंत काय, त्यानंतरही. सोय बघितली असती तर तुम्हाला बोलावलंच नसतं." मग त्या म्हणाल्या, "गरज माझी मोजता तुम्ही. श्रेयाची कोण मोजणार? अक्ल राखायची म्हणता ना? ती तिकडे बाकावर बसलीये. आणि दारू पिऊन नाही बसलेली."

मालनने सूप खाली ठेवलं.

"उमर," बाई म्हणाल्या. मशिदीत इमाम झाल्यापासून त्यांनी त्याला कधी अशी हाक मारली नव्हती. "तू कधी शिकलास?"

फुटपाथवरून एक हातगाडी गेली, तिला मौलानांनी वाट दिली.

"रात्री, बाई."

"मंडळाच्या खोलीत?"

"शाळेत."

त्यांनी किताब मिटलं. "खोली सोपी होती," ते म्हणाले.

"सोपीच होती."

"मला हे शुक्रवारी सगळ्यांसमोर सांगावं लागेल. कारणासकट."

"पायऱ्यांसकट," बाई म्हणाल्या.

शुक्रवारी मौलानांनी सांगितलं. नाव घेतलं नाही, 'एक शिक्षिका' एवढंच म्हणाले, त्यामुळे फक्त लालबाग, परळ आणि शिवडीला कळलं. सुताची जागा त्यांनी वाचून दाखवली. तिच्यामागचा हेतू सांगितला, बाईंच्या अटी एकेक करून मांडल्या, आणि शेवटची अट दोनदा सांगितली. पुढच्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ उठून गेले. दुसरे एक मागाहून म्हणाले, की कारण देणारा इमाम त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितला आणि त्यांना ते जरा धोक्याचं वाटतं. मौलाना म्हणाले, "मलाही वाटतं."

सफियाने मुंब्र्याहून फोन केला. "भाईजानला दोन महिने नाही झाले आणि तू रस्त्यावर," ती म्हणाली आणि फोन ठेवला. तिने पुढे बराच काळ फोन केला नाही. बाईंनी ते मनाला लावून घेतलं आणि कुणाला दाखवलं नाही.

सोमवारी संध्याकाळी बाई पांढरी ओढणी घेऊन निघाल्या तर दारात मालन. चप्पल घातलेली, हातात कापडी पिशवी.

"तू कुठे?"

"किताबात काय लिवला हा? शेजारणीकडे. शेजारीण कोण? मी. मी नसलंय तर तुझी परवानगी खोटी."

ही पायरी मौलानांकडून सुटली होती.

दोघी निघाल्या. भारतमाता थिएटरपासच्या सिग्नलला बाई थबकल्या, नाक्यावर नजर गेली, आणि मालनने त्यांचा दंड असा धरला की थबकायला जागाच उरली नाही. लालबागला रात्र अशी पडतच नाही. चिवड्याच्या दुकानांचे दिवे, मसाल्याचा वास, पुलाखाली गाड्यांची कटकट. अंधाराची ज्यांना काळजी होती ते आलिम इथे राहिले असते तर त्यांनी दुपारी बाहेर पडायला मनाई केली असती.

वर्ग उभा राहिला. निम्मा होता, पण उभा राहिला. बाईंनी खडू घेतला. "बसा. समजा, क्ष ही एक संख्या आहे." मालन शेवटच्या बाकावर जाऊन बसली आणि मांडीवर पिशवी उघडली. दुसऱ्या दिवशी बाकं जास्त भरली. आठवड्याभरात चित्रकलेचे सरही मागे येऊन बसू लागले, ते म्हणत ग्राफसाठी.

परीक्षेपर्यंत मालनने एकही दिवस चुकवला नाही. रोज वर्ग सुटल्यावर ती बाईंना घरी आणायची आणि त्यांनी कडी लावल्याचा आवाज ऐकल्याशिवाय आपल्या घरात जायची नाही. झोपायला घरी, ही अट तिने स्वतःच्या अखत्यारीत घेतली होती. एप्रिलात इद्दत संपली त्या सकाळी तिने आरशावरची चादर काढली, धुऊन वाळत घातली, आणि गेटातल्या बाप्यांना वर जायची परवानगी दिली. लवूने तब्बल चार महिन्यांनी भाभीकडे बघून 'बरा आसा मां?' विचारलं आणि सवयीने परत भिंतीकडे वळला.

मौलानांची भीती खोटी ठरली असं मात्र म्हणता येणार नाही. लोक उद्देश घेऊन आले. एकाला आपल्या बहिणीला वाटा द्यायचा नव्हता आणि त्यामागे त्याने कुटुंबाची एकी हा उद्देश शोधून काढला होता. मौलानांनी त्याला शेवटची अट विचारली आणि तो उठून गेला. पण बैलघोडा हॉस्पिटलजवळच्या टॉवरमधली एक विधवा नर्स आली, जिची पाळी रात्रीची होती, आणि तिला टॉवरमधला संडास बाहेर काढावा लागला नाही. आता परळच्या मशिदीत कुणी 'शरियतचा उद्देश' असं म्हणत पुढे आलं, की मौलाना पहिल्यांदा म्हणतात, "रीत दाखवा." ते वाक्य कुणाचं हे विचारल्यावर त्यांची मान जी ताठ होते ती दाढीतूनही दिसते.

मे महिन्यात निकाल लागला. श्रेया गणितात सुटली, आणि फार काठावर नाही. ती पेढे घेऊन चाळीत आली तेव्हा मौलानाही आले होते, आणि या वेळी थेट वर, बाईंच्या घरात खुर्चीवर बसले होते. दारात मालन बसून कापूस वळत होती. श्रेयाने तिलाही पेढा दिला.

"दे, दे," मालन म्हणाली, "माझ्यामुळेच पास झालंस. मी नसलंय तर बाई येतच नव्हती." मग मौलानांकडे वळून म्हणाली, "गणित माका काय एक कळला नाय. पण काम झाला."

"काय काम?"

"वाती. रोज पिशवीतसून कापूस नेय आणि बाक रिकामा म्हणान वळीत बसंय. ह्या वर्षी गणपतीक मंडळाक एक वात इकत घेवची लागूची नाय."

मौलाना तिच्या बोटांकडे बघत राहिले. कापसाचा धागा मांडीवर पिळला जात होता.

"म्हणजे शेजारीण सोबत होती," ते सावकाश म्हणाले, "आणि रात्रीचं ती सूत कातत होती."

"वाती," मालन म्हणाली.

"किताबातल्या अक्षराप्रमाणेच झालं की मग," मौलाना म्हणाले. "बाई, हे मला तेव्हा कळलं असतं तर शुक्रवारी एवढं बोलायची गरजच नव्हती."

"नव्हती," बाई म्हणाल्या आणि लतीफच्या कपात त्यांच्यासाठी चहा ओतला. "पण मग गुण एकच मिळाला असता."